अर्ध्या तारखा

लिनक्सच्या टर्मिनलवर 'डेट' नावाची एक जुनी आज्ञा आहे. साध्या इंग्रजी बोलीत तिला एखादा दिवस सांगावा, आणि तिने त्याची पूर्ण तारीख, तास-मिनिटांसकट, काढून द्यावी. काल, उद्या, पुढचा सोमवार, तीन आठवड्यांपूर्वी, सगळं तिला कळतं. पण तिला नुसतं १९५२ असं सांगितलं की ती म्हणते, आज संध्याकाळचे सात वाजून बावन्न मिनिटं. चार आकडे एकटेच आले तर पहिले दोन तास आणि पुढचे दोन मिनिटं, हा तिचा नियम. साल म्हणून ते वाचून हवं असेल तर आधी दिवस आणि महिना पुरवावा लागतो. आणि १९७२ सांगितलं तर ती सरळ नकार देते. एकोणीस वाजून बहात्तर मिनिटं कधी होतच नाहीत.

१९५२ हे 'बहिणाबाईंची गाणी' पहिल्यांदा पुस्तकरूपाने आली ते साल. १९७२ हे दुष्काळाचं. आमच्या गावी, सावद्यात, साठीपुढच्या कुणाशीही बोलताना 'बहात्तर' एवढंच म्हटलं तरी पुरतं. बहात्तरच्या आधी खोदलेली विहीर, बहात्तरनंतर झालेलं लग्न, बहात्तरात विकलेली बैलजोडी. त्या आकड्याला शतक लागत नाही, महिना लागत नाही. ज्यांनी तो काळ काढला त्यांच्यासाठी ती पूर्ण तारीख आहे.

आज्ञेच्या नकाराचं मला दुःख होत नाही. मला समजलं नाही, असं ती म्हणाली आणि तिथेच थांबली. त्यात खरेपणा आहे. मला अस्वस्थ करतं ते १९५२ चं उत्तर. ते लगेच येतं, ठामपणे येतं, सेकंदांसकट येतं. सांगणाऱ्याने जे सांगितलंच नव्हतं ते त्यात भरलेलं असतं, आणि भरल्याची कुठेही खूण नसते.

मी आमच्या केळीच्या बागेसाठी एक छोटं साधन लिहितो आहे. टर्मिनलवर एक ओळ टाइप करायची आणि ती तारखेसह साठवायची, एवढंच त्याचं काम. नावही 'नोंद' एवढंच. पुढच्या नोंदींची काळजी नव्हती. त्या मी स्वतःच करणार होतो. पण मागच्या नोंदी आप्पांच्या वह्यांत होत्या, आणि त्या वह्या उघडल्यावर मला कळलं की या कामाचा गाभा तारखा समजून घेण्यातच आहे. बाकीचं सगळं त्याच्याभोवतीची टरफलं.

आप्पा म्हणजे माझे थोरले काका. लांबट वह्या, निळी शाई, नंतरच्या वर्षांत बॉलपेन. बाग कुठली, किती खोडं लावली, खत कोणतं, मजूर किती, कटाईला किती घड निघाले, कुणी नेले, काय भावाने नेले. हिशेबात आप्पा काटेकोर. पैशाच्या रकान्यात एकही जागा रिकामी नाही. तारखेच्या रकान्यात मात्र असं: 'मिरगात लावली.' 'पोळ्याच्या आदल्या दिवशी खत.' 'संक्रांतीला निसवायला लागली.' 'रोहिणीत वादळ, निम्मी बाग आडवी.' 'आखाजीपासून कटाई.' कुठे कुठे नुसतंच 'सांजवेळी मोटार बंद.' व्यापाऱ्याकडून पैसे घ्यायचे असतील तिथे दिवस, महिना, साल, सगळं पूर्ण. आणि माल स्टेशनात भरला असेल त्या दिवशी तर वेळसुद्धा.

सातपुडा आणि तापी यांच्या मधल्या या पट्ट्यात केळी पिकते आणि इथली केळी दूर जाते. सावदा स्टेशन भुसावळ–खंडवा मार्गावर आहे. इथून दिल्लीपर्यंत केळीच्या गाड्या गेल्या. रेल्वेला अर्धी तारीख चालत नाही. तिचं घड्याळ चोवीस तासांचं, एकोणीस बावन्न म्हणजे एकोणीस बावन्न. त्यामुळे आप्पांच्या वहीत एकाच पानावर दोन काळ शेजारी शेजारी बसलेले दिसतात. बाग मृगात लागते, पण डबा बावीस वाजून दहा मिनिटांनी भरून होतो. सुरुवातीला हा मला निष्काळजीपणा वाटू शकला असता. पण पानामागून पान वाचत गेलं की दिसतं, हा माणूस जेवढा नेमकेपणा लागतो तेवढाच लिहितो. गाडी चुकली तर माल सडतो, म्हणून तिथे मिनिट. लावणी मृगाच्या पहिल्या दिवशी झाली काय किंवा पाचव्या दिवशी झाली काय, केळीच्या झाडाला त्याने काही फरक पडत नाही. तिथे 'मिरगात' एवढं पुरेसं, आणि त्याहून जास्त लिहिलं तर ते खोटंच झालं असतं, कारण तीन हजार खोडं काही एका दिवसात लागत नाहीत.

इथल्या बागांची नावंसुद्धा अशाच तारखा आहेत. मृगबाग आणि कांदेबाग. एक पावसाच्या तोंडाशी लागते, दुसरी पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरच्या आगेमागे. 'ही कांदेबाग आहे' असं कुणी म्हटलं की जाणत्याला तिचं वय कळतं, ती कधी निसवेल, म्हणजे घड कधी बाहेर टाकेल, ते कळतं, थंडीत तिचं काय होईल तेही कळतं. एवढी माहिती मावलेली तारीख मला अजून कुठल्या पंचांगात सापडलेली नाही.

आता हे सगळं संगणकाला कसं सांगायचं?

अपुऱ्या तारखेचा अर्थ लावणं ही संगणकाच्या जगातली फार जुनी अडचण आहे, आणि ती सोडवणाऱ्यांनी मनापासून सोडवलेली आहे. डेटच्या पोटात तारखा वाचणारा जो भाग आहे तो मुळात स्टीव्हन बेलोव्हिन यांनी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात, चॅपेल हिलला असताना लिहिला. १९९० च्या ऑगस्टमध्ये रिच साल्झ आणि जिम बेरेट्स यांनी तो नव्याने बांधला. माणूस घाईत असतो, सगळं टाइप करत नाही, तर उरलेलं आपण समजून घ्यावं, हा त्यामागचा विचार. तो विचार आपुलकीचा आहे, त्याबद्दल मला आदर आहे. प्रश्न एवढाच, की उरलेलं नेमकं कशाने भरायचं. इथे प्रत्येकाची वाट वेगळी होते. दिवस सांगितला, वेळ नाही सांगितली: डेट म्हणते मध्यरात्रीचे शून्य तास. यंत्राच्या नोंदवह्या दाखवणारी जर्नलसीटीएल ही आज्ञाही तेच म्हणते. पण गिट, ज्याच्यावर जगभरचे प्रोग्रॅमर आपलं काम साठवतात, ते म्हणतं, वेळ सांगितली नाही ना, मग आत्ताचीच वेळ. म्हणजे 'एक मेपासूनची कामं दाखव' ही एकच विनंती सकाळी केली तर एक उत्तर आणि संध्याकाळी केली तर दुसरं. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतली तारीख वाचण्याची जुनी पद्धत साल नसेल तर १९०० धरते. आणि १९०० हे लीप वर्ष नसल्यामुळे नुसती '२९ फेब्रुवारी' तिला सांगितली तर ती अडखळून पडते.

मला यातली चहाची गोष्ट आवडते. कामं ठरल्या वेळी चालवणारी 'अ‍ॅट' ही आज्ञा 'चहाची वेळ' हा शब्द ओळखते आणि तिचे चार वाजवते. गिटलाही चहा कळतो, पण त्याच्याकडे चहा पाच वाजता. सावद्यात मे महिन्यात चार वाजता कुणी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही, पारा पंचेचाळिशीच्या आसपास असतो. इथे चहा उन्हं कलल्यावरचा. तिन्ही उत्तरं आपापल्या गावी बरोबर आहेत. प्रोग्रॅममध्ये मात्र त्यातलं एकच राहतं, आणि ते लिहिणाऱ्याच्या गावचं असतं.

भरण्याइतकाच अवघड प्रश्न दिशेचा. 'शुक्रवार' एवढंच म्हटलं तर गेला की येणारा? डेट पुढे पाहते, आज शुक्रवार नसेल तर येणारा शुक्रवार धरते. पण तिलाच डिसेंबरात 'पाच जानेवारी' म्हटलं तर ती चालू सालाचाच जानेवारी देते, म्हणजे अकरा महिने मागे जाते. अ‍ॅट नेहमी पुढे; वेळ टळून गेली असेल तर उद्यावर जाते, कारण तिला कामं करायची असतात आणि होऊन गेलेल्या वेळेत काम करता येत नाही. हे मला फार मोलाचं वाटलं. दिशा शब्दात नसते, कामात असते. नोंद करणाऱ्याचं तोंड मागे असतं, बेत करणाऱ्याचं पुढे. म्हणून माझ्या साधनात 'नोंद' आणि 'बेत' अशा दोन वेगळ्या आज्ञा केल्या. 'नोंद आखाजी' म्हटलं की मागची आखाजी, 'बेत आखाजी' म्हटलं की येणारी. माणसाला हे क्रियापदावरून आपसूक कळतं. यंत्राला ते दारातच विचारून घ्यावं लागतं.

आखाजीपाशी जरा थांबायला हवं. अक्षय्य तृतीयेला खान्देशात आखाजी म्हणतात, आणि तिचं महत्त्व बाहेरच्यांना सहज कळत नाही. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, गाणी होतात, पितरांसाठी घागर भरली जाते. शिवाय शेतीचं वर्ष इथे फिरतं. सालदार आखाजीला ठरतो आणि पुढच्या आखाजीला सुटतो. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा गडी; बोली धान्याची असो की रोख रकमेची, तिची मुदत आखाजी ते आखाजी. शेतावरची कितीतरी बोलणी या एका शब्दावर संपतात. नवी मोटार कधी घ्यायची? 'आखाजीले पाहू.' भिंतीची डागडुजी? आखाजीले. मुलाचं शिक्षण पुढे चालू ठेवायचं की नाही? तेही तेव्हाच.

मी ही आखाजी साधनात बसवायला घेतली, तेव्हा काही वर्षांच्या तारखा कालनिर्णयवरून उतरवून काढल्या. २०२३ ची आखाजी २२ एप्रिलला. २०२४ ची १० मे रोजी. २०२५ ची ३० एप्रिलला. मधले दिवस मोजले आणि मोजून झाल्यावर बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे पाहत राहिलो. २०२३ च्या आखाजीला ठरलेल्या सालदाराचं वर्ष ३८४ दिवसांचं. २०२४ च्या आखाजीला ठरलेल्याचं ३५५. पहिल्या वर्षात अधिक श्रावण आला होता. एकोणतीस दिवसांचा फरक, दोघांचाही शब्द 'एक वर्ष'.

यात कुणी कुणाला फसवलेलं नाही. चांद्र महिन्यांचं वर्ष ३५४ दिवसांच्या आसपास, ऋतूंचं ३६५. ही तफावत साधारण तीन वर्षांत महिनाभराची होते, आणि तेव्हा एक महिना अधिक घालून पंचांग ऋतूंना पुन्हा गाठतं. दहावीस वर्षं एकाच घरी राबणाऱ्या गड्याला अखेर सरासरी बरोबरच मिळते. पण एका वर्षापुरता राहून गेलेल्याला मिळत नाही, आणि त्याचं ते वर्ष अधिक मासाचं असेल तर एक महिन्याचं काम त्याने त्याच पैशात केलेलं असतं. वहीत त्याची खूण उरत नाही, कारण वहीत दोन्ही टोकांना 'आखाजी' एवढाच शब्द आहे. इथे मला पहिल्यांदा जाणवलं की अर्धी तारीख पूर्ण करण्याचाही कधी कधी धर्म असतो. वहीतल्या आखाजीला मी हात लावला नाही. पण साधन आता मुदतीच्या ओळीखाली दिवसांची संख्या छापतं. वर्ष: आखाजी ते आखाजी. दिवस: ३८४. ते वाचून मालकाने काय करायचं ते मालकाने ठरवावं. माझं मत विचाराल तर अधिक महिन्याचे पैसे वेगळे द्यावेत.

रात्रीचा प्रश्न वेगळाच. शेतीपंपाची वीज पाळीने येते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीला शेतकरी बॅटरी घेऊन बागेत जातो, मोटार चालू करतो, पाणी कुठल्या सऱ्यांत फिरतंय ते पाहतो. आप्पांच्या वहीत 'शुक्रवारी रात्री दीडला पाणी' असं असतं. पंचांगाला हे मान्य आहे, कारण त्याचा वार सूर्योदयाला बदलतो. टर्मिनलला मान्य नाही; त्याच्या लेखी रात्री बारानंतर शनिवार लागला. त्याच्या हिशेबाने आप्पांचं पाणी एक दिवस आधी, गुरुवार-शुक्रवारच्या मधल्या रात्री जातं, जेव्हा वीजच नव्हती. बागेत जागलेल्या माणसाचा दिवस तो झोपेपर्यंत संपत नाही. म्हणून 'रात्री' हा शब्द आला की पहाटेच्या चारपर्यंतचे तास आदल्या वाराला जोडायचे, असा नियम मी केला, आणि साठवण्याआधी ते पडद्यावर दाखवायचंही ठरवलं: शुक्रवारची रात्र, म्हणजे शनिवार, १:३०. माणसाने पाहावं, हो म्हणावं, मगच ओळ आत जावी.

भरलेली तारीख एकदा आत गेली की ती खऱ्या तारखेपासून ओळखता येत नाही. माझ्या मते या सगळ्या विषयातली खरी वेदना इथे आहे. महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस १ जून आहे. शाळा जूनमध्ये उघडायची, मूल सहा वर्षांचं दाखवायचं असायचं, आईला आठवायचं ते एवढंच की पावसाळ्यात झाला, बैलपोळा चार दिवसांवर होता. मास्तरांनी रजिस्टरात १ जून लिहून टाकलं. रजिस्टरातला रकाना रिकामा ठेवायची सोय नव्हती. पुढे तीच तारीख दाखल्यावर गेली, नोकरीत गेली, निवृत्तीला गेली. आईला जे माहीत होतं ते खरं तर मोलाचं होतं: पोळ्याच्या आधी चार दिवस. त्यात फक्त साल डळमळीत होतं. मास्तरांनी साल पक्कं केलं आणि पोळा पुसला. आमच्या घरात अशा १ जूनच्या तारखा आहेत, आणि त्यांतल्या प्रत्येकीमागचा खरा सण सांगणारी माणसं आता नाहीत. आधार कार्डाने निदान एवढं केलं, की पुष्कळांच्या कार्डावर नुसतं जन्मसाल छापलं, आणि जन्मतारीख तपासलेली, स्वतः सांगितलेली की अंदाजाची, याची वेगळी नोंद ठेवली. हा शहाणपणा मास्तरांच्या रजिस्टरात असता तर किती पोळे वाचले असते.

बहिणाबाईंच्या जन्माची गोष्ट याच जातीची आहे. जळगावजवळच्या असोद्याला त्या जन्मल्या, नागपंचमीच्या दिवशी, २४ ऑगस्ट १८८० रोजी, असं ठिकठिकाणी छापलेलं आहे. तिथीच्या तारखा करणारा भाग लिहीत असताना सहज पडताळा म्हणून हा दिवस मी घेतला. ११ जानेवारी १८८० ला खग्रास सूर्यग्रहण झालं होतं, म्हणजे तेव्हा अमावास्या होती हे पक्कं. तिथून साडेएकोणतीस दिवसांच्या सात फेऱ्या मोजल्या की ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातली अमावास्या येते, आणि श्रावण शुद्ध पंचमी १० ऑगस्टच्या आसपास. २४ ऑगस्ट येतो वद्य पक्षात. आपल्या नागपंचमीशी तो जुळत नाही. पण गुजरातेत नागपाचम श्रावण वद्य पंचमीला असते, आणि २४ ऑगस्ट त्या वद्य पंचमीच्या अगदी लगत आहे. बहिणाबाईंचा लेवा पाटीदार समाज आपलं मूळ गुजरातेतच सांगतो. असोद्याच्या त्या घरात कुठली पंचमी मानत होते, की नंतर कुणी जंत्रीत पाहताना पक्ष चुकला, हे गणिताला ठरवता येणार नाही. मला तर वाटतं दोन्ही शब्द तसेच शेजारी ठेवावेत, नागपंचमी आणि २४ ऑगस्ट, आणि एकाने दुसऱ्याला पुसू नये. लिहिता-वाचता न येणाऱ्या त्या बाईने आयुष्यभर सण आणि नक्षत्रं यांच्यात काळ मोजला. तिच्या जन्माचा सण हा घरच्यांच्या आठवणीतून आलेला पुरावा आहे. इंग्रजी तारीख ही बहुधा त्याचं नंतर केलेलं भाषांतर.

तर, अर्धी तारीख अर्धीच ठेवायची कशी, याला उत्तर आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जुनी पत्रं, नकाशे, छायाचित्रं सांभाळणाऱ्या लोकांना हाच प्रश्न रोज पडायचा. मागे 'उन्हाळा' एवढंच लिहिलेल्या फोटोला १ जानेवारी चिकटवणं त्यांना पटेना. त्यांनी एक लेखनपद्धत घडवली, आणि २०१९ मध्ये ती आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या दुसऱ्या भागात घेतली गेली. साल शंकास्पद असेल तर त्यापुढे प्रश्नचिन्ह, अंदाजाचं असेल तर नागमोडी रेघ, शेवटचा आकडा माहीत नसेल तर त्या जागी फुली. अंदाजालाही व्याकरण मिळालं, हे वाचून मला मनापासून आनंद झाला होता. ऋतूंसाठीही त्यात जागा आहे: महिन्यांचे आकडे बारापर्यंत, म्हणून २१ म्हणजे वसंत, २२ उन्हाळा, २३ पानगळ, २४ हिवाळा. पावसाळ्याला आकडा नाही. सावद्यात बसून ही यादी वाचताना त्या रिकाम्या जागेकडे लक्ष गेल्याशिवाय राहत नाही. मृगबाग त्यात कुठे लिहायची?

मी मानकाचा गाभा घेतला आणि ऋतू सोडून दिले. माझ्या साधनात आता तारीख हा बिंदू राहिलेला नाही. ती एक पट्टी आहे: सुरुवात, शेवट, आणि सांगणाऱ्याचा मूळ शब्द. 'मिरगात' म्हणजे ७-८ जूनपासून २१-२२ जूनपर्यंत, सूर्य त्या नक्षत्रात असेतो. नक्षत्रं सूर्यावर चालतात म्हणून ती इंग्रजी कॅलेंडराला फारशी सोडत नाहीत. पोळा आणि आखाजी चंद्रावर, म्हणून त्यांना दरवर्षी नव्याने शोधावं लागतं. 'दुपारी' ही बारा ते चार. 'बहात्तर' ही मी सर्वांत रुंद ठेवली, कारण लोक त्या आकड्यात मागचं-पुढचं सालही धरतात. शब्द न समजला तर साधन थांबतं आणि विचारतं. गिटला न कळणारा शब्द दिला तर ते तो 'आत्ता' समजून पुढे जातं; तेवढं धाडस माझ्याच्याने होत नाही.

पट्ट्या केल्यावर एक नवी अडचण उभी राहिली, आणि तिने मला सर्वांत जास्त शिकवलं. बिंदूंचा क्रम लावता येतो. पट्ट्यांचा नेहमी लागत नाही. 'मिरगात लावली' आणि '१२ जूनला पहिला पाऊस', यात आधी काय? बारा जून मृगाच्या पोटात आहे. लावणी पावसाआधी झाली असेल, नंतर झाली असेल, निम्मी आधी निम्मी नंतरही झाली असेल. संगणकाला यादी वरून खाली हवी असते, एकाखाली एक. बहुतेक प्रोग्रॅम पट्टीचं पहिलं टोक धरून क्रम लावतात आणि मोकळे होतात. तसं केलं की लावणी पावसाआधीची ठरते, आणि पुढे पाच वर्षांनी कुणीतरी त्यावरून निष्कर्ष काढतो की या शेतात कोरड्यात लावणी करतात. म्हणून जिथे पट्ट्या एकमेकींवर येतात तिथे साधन त्या नोंदी एकाच ओळीत, शेजारी शेजारी छापतं. यादी थोडी वेडीवाकडी दिसते. पण आप्पांच्या वहीत तरी काय होतं? मृगातल्या नोंदी एका कंसात, त्या कंसाच्या आत कुठलाच क्रम नाही.

बेरजेतही तेच. टिश्यूचं रोप लावल्यापासून निसवायला सातएक महिने, निसवल्यापासून घड कापायला येईपर्यंत तीन ते चार. डेटला ३१ जानेवारीत एक महिना मिळवायला सांगितलं की ती ३१ फेब्रुवारी शोधते, ती मिळत नाही म्हणून मार्चच्या दोन-तीन तारखेला जाऊन थांबते. तिच्याच माहितीपत्रकात सल्ला आहे की महिन्यांचा हिशेब करताना मधली १५ तारीख धरा. पट्टीत महिने मिळवले तर ही ठेच लागत नाही, कारण पट्टीच्या टोकाचे दोन दिवस इकडेतिकडे झाल्याने काही बिघडत नाही. मृगाची पट्टी सात महिन्यांनी पुढे सरकवली तर जानेवारीचा पहिला-दुसरा पंधरवडा येतो, तीनचार महिन्यांनी आणखी रुंदावून एप्रिल-मे. वहीत लिहिलेलं आहे, संक्रांतीला निसवायला लागली, आखाजीपासून कटाई. आप्पांनी न मोजता लिहिलेली पट्टी आणि साधनाने मोजून काढलेली पट्टी एकमेकींवर बसल्या. हे मी आप्पांना पडद्यावर दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, जानेवारीतल्या त्या रंगीत पट्टीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "थंडी जास्त पडली त्या साली हे अजून पुढे जाते. ते कुठं लिहिलं तू?"

तापमानाचा रकाना अजून करायचा आहे. त्याआधी जुन्या वह्यांतली ती थंडीची वर्षं काढायला हवीत, आणि तिथेही आप्पांनी साल लिहिलेलं नाही; 'थोरलीचं लग्न झालं त्याच्या पुढच्या हिवाळ्यात' एवढंच आहे. लग्नपत्रिका माळ्यावरच्या पेटीत असेल, असं काकू म्हणतात.